पोर्टलची रचना आणि जाहिरात : खान्देशातल्या छोट्या प्रकाशकांनी काय ठरवावं

जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, शिरपूर अशा गावांतून बातम्यांची पोर्टलं चालवणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न सतत येत असतात. इतके लोक पान उघडतात, तरी ॲडसेन्सचे पैसे एवढे कमी का? साइट बनवणारा पासवर्ड देत नाही, मग साइट नक्की कुणाची? पोर्टलला 'आरएनआय' नंबर मिळतो का? सराफी पेढीला किंवा ट्रॅक्टरच्या शोरूमला दर काय सांगावा? हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, कारण साइटची रचना आपण एका माणसावर सोपवतो, जाहिरात दुसऱ्यावर, आणि कागदपत्रं कुणावरच नाही. प्रत्यक्षात रचना आणि जाहिरात हा एकच निर्णय आहे. जिल्ह्याच्या पातळीवर तो निर्णय नेटवर्कच्या जाहिरातींभोवती घेऊ नये. स्वतः विकलेल्या, मोजक्या आणि जाहिरात म्हणून स्पष्ट ओळखू येणाऱ्या स्थानिक जाहिरातींभोवती घ्यावा. तसं का आणि ते कसं करायचं, हे पुढे पाहू.

आधी उत्पन्नाचा हिशेब, मग डिझाइन

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. तयार थीम घेऊन साइट उभी राहते, ॲडसेन्सची मंजुरी येते, 'ऑटो ॲड्स' चालू होतात, आणि बातमीत जाहिराती कुठे पडाव्यात हे यंत्र ठरवू लागतं. पैसे कमी आले की आणखी दोन नेटवर्कांचे कोड जोडले जातात, पान जड होतं, वाचक अर्ध्यातून परततो आणि पैसे आणखी कमी होतात. या चक्राचं मूळ ॲडसेन्स कसं चालतं यात आहे. वाचक पान उघडतो त्या क्षणी तिथल्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते. मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांपैकी एक आहे, त्यामुळे मंजुरीला भाषेची अडचण नाही. अडचण बोली लावणाऱ्यांची आहे. लिलावात मुख्यतः देशभर विकणाऱ्या कंपन्या असतात आणि त्यांना हवा असतो मोठ्या शहरातला, ऑनलाइन खरेदी करणारा ग्राहक. यावल किंवा रावेरच्या केळी उत्पादकाची खरी किंमत ज्याला कळते, तो टिश्यू कल्चर रोपांचा विक्रेता किंवा ठिबकचा डीलर त्या लिलावात बहुधा नसतोच. म्हणजे तुमचा वाचक स्वस्त नाही. तो जिथे विकला जातो, तिथे त्याचा खरा गिऱ्हाईक आलेला नसतो.

वाटेत किती गळतं हेही पाहा. जाहिरातदार गूगल ॲड्समधून आला असेल, तर त्याच्या खर्चातला साधारण ६८ टक्के वाटा प्रकाशकाकडे येतो, असं गूगल सांगतं. अनेक मध्यस्थ असलेल्या साखळीत चित्र याहून वाईट असतं. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या 'इस्बा' या संघटनेनं पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण कंपनीकडून करवून घेतलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठे जाहिरातदार आणि नामांकित प्रकाशक होते. तरीही जाहिरातदारानं दिलेल्या पैशांपैकी सरासरी ५१ टक्केच प्रकाशकापर्यंत पोहोचले होते आणि १५ टक्के रकमेचा मागच लागला नव्हता. ताकदवान प्रकाशकांची ही गत असेल, तर तालुक्याच्या पोर्टलनं या साखळीवर घर चालवण्याची आशा धरू नये.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांवर करा. ॲडसेन्सच्या खात्यात 'पेज आरपीएम' नावाचा आकडा असतो, तो म्हणजे हजार पेजव्ह्यूंमागचं उत्पन्न. समजा तो ४० रुपये आहे आणि महिन्याला ३ लाख पेजव्ह्यू आहेत, तर हाती १२,००० रुपये येतात. आता समजा तुम्ही बातमीच्या पानावर फक्त चार जागा ठेवल्या आणि त्या महिन्याच्या भाड्यानं प्रत्येकी ५,००० रुपयांना दिल्या, तर २०,००० होतात. दोनच जागा गेल्या तरी १०,००० येतात, आणि उरलेल्या दोन जागांवर ॲडसेन्स चालूच राहतं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण तुलना अशीच करायची.

यावर नेहमीचा आक्षेप असा : थेट जाहिरातीला माणूस लागतो, फेऱ्या लागतात, वसुली अडते, आणि ॲडसेन्स घरबसल्या पैसे देतं. आक्षेप खरा आहे, म्हणून ॲडसेन्स काढून टाका असं कुणी म्हणणार नाही. ते उरलेल्या जागेचं भरण म्हणून ठेवा. चूक होते ती त्यालाच मुख्य धरून पान त्याच्या सोयीनं रचण्यात. ते वापरताना एवढं सांभाळा :

- कमाई १० डॉलर झाली की पत्त्यावर पिन टपालानं येतो. तो ४ महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. म्हणून खात्यातला पत्ता टपाल खरोखर पोहोचेल असाच द्या.
- १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत.
- स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणं, किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर "जाहिरातीवर क्लिक करून सहकार्य करा" असं लिहिणं हा नियमभंग आहे. खातं बंद होतं आणि साठलेली रक्कमही जाते.
- तुमच्या जागा विकण्याचा अधिकार कुणाला दिला आहे हे 'ॲड्स डॉट टीएक्सटी' या छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. एखादं नेटवर्क सोडलं की त्याची ओळ तिथून काढा.

पानावर जाहिरातीला जागा किती

याला बऱ्यापैकी मोजता येणारं उत्तर आहे. 'कोअलिशन फॉर बेटर ॲड्स' या आंतरराष्ट्रीय गटानं वाचकांना असह्य होणाऱ्या जाहिरातींचे प्रकार निश्चित केले आहेत. गूगलच्या क्रोम ब्राउझरनं १५ फेब्रुवारी २०१८ पासून ते निकष लावायला सुरुवात केली आणि ९ जुलै २०१९ पासून ते जगभर लागू केले. एखादी साइट ३० दिवसांहून जास्त काळ नापास राहिली, तर क्रोम तिच्यावरच्या सगळ्याच जाहिराती गाळू शकतं, त्यात नियमात बसणाऱ्याही आल्या. तुमच्या साइटचा निकाल सर्च कन्सोलमधल्या 'ॲड एक्स्पीरियन्स रिपोर्ट'मध्ये बघता येतो. मोबाइलवर हे प्रकार वर्ज्य आहेत :

- बातमी झाकणारा पॉप-अप, किंवा बातमीआधी पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात
- आपोआप सुरू होणारा, आवाजासह चालणारा व्हिडिओ
- झपाझप लुकलुकणारी चित्रं
- पडद्याच्या ३० टक्क्यांहून मोठी, खाली किंवा वर चिकटून राहणारी पट्टी
- बातमीच्या एकूण उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा व्यापणाऱ्या जाहिराती

शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडची पोर्टलं सर्वांत जास्त अडकतात, कारण आपली बातमी लहान असते. दीडशे शब्दांच्या बातमीत तीन चौकोनी जाहिराती टाकल्या की मर्यादा ओलांडलीच. म्हणून 'प्रत्येक दोन परिच्छेदांनंतर जाहिरात' अशी सरसकट आज्ञा थीमला देऊ नका. लहान बातमीला एक, मोठ्या लेखाला दोन किंवा तीन, असं शब्दसंख्येवर ठरवा. "मोठ्या दैनिकांच्या साइटवर तर याहून जास्त जाहिराती असतात," असं कुणी म्हणेल. असतात, आणि त्यांचा वाचक त्रासूनही त्यांच्याकडे परततो, कारण त्यांच्यामागे छापील अंकाचं नाव उभं असतं. ज्याच्याकडे तसं नाव नाही, त्याच्याकडे वाचक चांगल्या अनुभवासाठीच पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट वेगाची. गूगलच्या निकषानुसार पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, आणि वाचत असताना मजकूर उड्या मारता कामा नये. या उड्यांचं माप ०.१ च्या आत असावं लागतं. उड्या बहुतेकदा जाहिरातीमुळेच बसतात : बोट 'पुढे वाचा'वर जातं, तेवढ्यात वरून जाहिरात उतरते आणि क्लिक भलतीकडे पडतो. उपाय सोपा आहे. जाहिरातीच्या जागेची उंची आधीच राखून ठेवायला डेव्हलपरला सांगा. वेगाचा दुसरा शत्रू म्हणजे फ्लेक्ससाठी कोरल ड्रॉमध्ये केलेली जाहिरात जशीच्या तशी चढवणं. चौकात टांगण्यासाठी केलेलं ते चित्र कित्येक एमबींचं असतं आणि मोबाइलवर त्यातली अक्षरं दिसतही नाहीत. जाहिरातदाराकडून मजकूर, लोगो आणि एक फोटो घ्या, ३०० बाय २५० पिक्सेलची जाहिरात नव्यानं बनवा, वेबपी स्वरूपात साठवा आणि वजन १०० केबीच्या खाली ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज अधूनमधून जाते. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या अशा गावातल्या वाचकाला पान उघडेल की नाही, ते इथेच ठरतं.

अक्षरांचंही तसंच. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर चित्र करून चढवला, तर गूगलला तो मजकूर म्हणून नीट वाचता येत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइललाही तो वाचून दाखवता येत नाही. सगळं युनिकोडमध्येच ठेवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट पुरेसे आहेत. पण त्यांची दोनच वजनं वापरा, कारण देवनागरी फॉन्टच्या फाइली इंग्रजीपेक्षा मोठ्या असतात. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. पानाची भाषा कोडमध्ये 'मराठी' अशी नोंदवायलाही सांगा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते त्यामुळेच दिसतात.

विकायचं काय आणि कसं

बरेच जण मुखपृष्ठावरचा स्लायडर सर्वांत महाग दरानं विकतात. छापील अंकाच्या पहिल्या पानाची ही सवय आहे. पण तुमच्या ॲनालिटिक्समध्ये 'लँडिंग पेज' पाहा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकमधून आलेला वाचक थेट बातमीच्या पानावर उतरतो आणि तिथूनच परत जातो. तुमच्याकडेही तसंच दिसत असेल, तर स्लायडर महाग दरानं विकणं म्हणजे जाहिरातदाराची फसवणूक आहे, मग ती नकळत झालेली का असेना. बातमीतल्या पहिल्या परिच्छेदाखालची जागा ही तुमची खरी पहिली जागा.

त्याहून मोलाची असतात रोज लागणारी पानं. केळीचे भाव हे आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण. रावेर, यावल, मुक्ताईनगरचे उत्पादक बऱ्हाणपूरच्या लिलावाकडेही डोळे लावून असतात. तो भाव आणि स्थानिक भाव रोज ठरलेल्या वेळी एकाच पानावर देणारं पोर्टल त्यांना रोज उघडावं लागेल. कापसाचे, दोंडाईच्याच्या मिरचीचे, जळगावच्या सोन्याचे भाव असोत, हतनूर, गिरणा, अक्कलपाड्याचा जलसाठा असो, किंवा भुसावळ जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांचे बदल असोत, ही पानं बातमीसारखी शिळी होत नाहीत. शिवाय पान उघडणारा कोण आहे हे त्याचा पाठलाग न करताही कळतं. केळीच्या भावाचं पान उघडणारा बहुधा केळीवालाच. तिथे ठिबक, रोपं, खतं यांची एकच जाहिरात वर्षभरासाठी द्या.

"पाठलाग न करता जाहिरात विकली जात नाही," हा समज नेदरलँड्समध्ये पडताळून पाहिला गेला आहे. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं, एनपीओनं, २०२० च्या सुरुवातीला वाचकांचा माग ठेवणाऱ्या कुकी पूर्ण बंद केल्या आणि पानाच्या विषयानुसार जाहिराती विकायला सुरुवात केली. त्या जानेवारीत तिचं डिजिटल जाहिरात उत्पन्न आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ६० टक्क्यांहून जास्त आणि फेब्रुवारीत ७५ टक्क्यांहून जास्त वाढलं. देशव्यापी प्रसारणसंस्था आणि तालुक्याचं पोर्टल यांत अंतर आहे हे मान्य. पण विषय हीच ओळख पुरते हे तत्त्व तर शेतीमालाच्या भावाच्या पानाला तिथल्यापेक्षा जास्तच लागू पडतं. आणि पुढचा कायदाही त्याच दिशेचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे.

आता सर्वांत खरा आक्षेप : स्थानिक दुकानदार वेबसाइटला पैसे देत नाही, तो रील बनवणाऱ्याला देतो. रीलमध्ये त्याला स्वतःचं दुकान दिसतं, आकडे दिसतात आणि ओळखीचे लोक "पाहिलं" म्हणून सांगतात. त्याचं वागणं चुकीचं नाही. तुम्ही त्याला मोजता येईल असं काही देत नाही, ही अडचण आहे. म्हणून प्रत्येक जाहिरातीला व्हॉट्सॲपचं बटण जोडा आणि "पोर्टलवर पाहिलं" हा मजकूर आधीच भरून ठेवा, म्हणजे चौकशी कुठून आली ते दुकानदाराला स्वतःच्या फोनवर दिसेल. महिन्याअखेरीस ॲनालिटिक्सचा एक पानी अहवाल द्या. त्यात 'हिट्स' लिहू नका, तो आकडा फुगलेला असतो. किती वेगळ्या लोकांनी पान पाहिलं, त्यातले जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातले किती आणि बटण किती जणांनी दाबलं, एवढं पुरे. आकडा लहान असला तरी तो खरा आहे हे दुकानदाराला पटलं की पुढचा महिना मिळतो.

दरपत्रक लेखी असू द्या आणि ते साइटवरच ठेवा. दर महिन्याचा ठेवा, क्लिकवर ठेवू नका. आखाजी, लग्नसराई, खरिपाआधीचे बियाण्याचे दिवस, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश आणि धनत्रयोदशी हा आपला जाहिरातीचा हंगाम. त्या दिवसांचे दर वेगळे ठेवायला हरकत नाही, पण ते आधी जाहीर करा. एजन्सीमार्फत आलेल्या जाहिरातीवर १५ टक्के कमिशनची रूढी आहे, ती धरूनच दर लावा. आणि आर.ओ. आल्याशिवाय, म्हणजे लेखी रिलीज ऑर्डरशिवाय, जाहिरात लावू नका. ऑर्डरमध्ये जागा, आकार, तारखा, रक्कम, जीएसटी वेगळा की धरून, आणि पैसे किती दिवसांत, हे असलंच पाहिजे. वसुलीची भांडणं बहुतेक इथेच सुरू होतात.

एक मर्यादाही ओळखा. वकिलांच्या जाहीर नोटिसा आणि कायद्यानं वृत्तपत्रातच द्याव्या लागणाऱ्या सूचना हा जिल्हा दैनिकांचा आधार आहे. वेबसाइटवर नोटीस दिल्यानं ती अट पूर्ण होते असं सांगून अशी जाहिरात घेऊ नका.

बातमी आणि जाहिरात यांच्यामधली रेघ

आपल्याकडच्या पोर्टलांचं मोठं उत्पन्न नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून आणि 'प्रायोजित' बातम्यांमधून येतं. त्यात गैर काही नाही, जोवर वाचकाला ते ओळखता येतं. खरं गैर आहे ते पैसे घेऊन लिहिलेला मजकूर बातमीच्या रूपात देण्यात. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत, आणि दुसऱ्या मजकुराचा वेष घेतलेली जाहिरात हा त्यांपैकी एक आहे. "लेबल लावलं तर जाहिरातदार जातो," असं म्हणणाऱ्यांनी असा विचार करावा : लेबल नको म्हणणारा जाहिरातदार तुमची जागा विकत घेत नाही, तुमच्यावरचा वाचकांचा विश्वास विकत घेतो. तो एकदाच विकता येतो. मथळ्याच्या वर, मथळ्याएवढ्याच ठळक अक्षरात 'जाहिरात' हा शब्द लिहा. खाली बारीक अक्षरात 'मीडिया इनिशिएटिव्ह' लिहिणं पुरेसं नाही.

कायद्यानं अंगाशी येणाऱ्या जाहिराती या :

- दिशाभूल करणाऱ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून ती छापली होती, असा बचाव प्रकाशकाला करता येतो. पण जाहिरात मागे घेण्याचा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा आदेश आधीच माहीत असेल, तर हा बचाव चालत नाही.
- चमत्कारी औषधांच्या. मधुमेह, कर्करोग किंवा लैंगिक दुर्बलता बरी करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यानं मनाई आहे. ही मनाई जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे, पोर्टलही त्यात आलं.
- सट्टा आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यात अशा जाहिरातींसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. नेटवर्कमधून अशा जाहिराती आपोआप येऊ शकतात. ॲडसेन्सच्या 'ब्लॉकिंग कंट्रोल्स'मध्ये जाऊन जुगाराशी आणि औषधांशी संबंधित वर्ग आजच बंद करा.
- निवडणुकीच्या. लोकसभा-विधानसभेच्या वेळी पक्ष किंवा उमेदवारानं इंटरनेटवर द्यायच्या जाहिरातीला माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचं, म्हणजे एमसीएमसीचं, पूर्वप्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत घेतल्याशिवाय जाहिरात चढवू नका. पेड न्यूज ठरलेल्या मजकुराचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो.

वाचक म्हणून तुम्हाला अशी जाहिरात दिसली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे 'ॲस्की'कडे, तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. पान बदलण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि पत्ता दिसू द्या.

नोंदणी आणि कर

वेबसाइटला आरएनआय नंबर मिळत नाही. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण नोंदणी छापील नियतकालिकांचीच होते. 'उद्यम' प्रमाणपत्र ही लघुउद्योगाची नोंद आहे, पत्रकारितेचा परवाना नाही. पैसे घेऊन 'पोर्टल रजिस्ट्रेशन' करून देणाऱ्यांपासून दूर राहा. डिजिटल वृत्तप्रकाशकांना लागू आहेत ते २५ फेब्रुवारी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यांतल्या आचारसंहितेच्या नियम ९ च्या दोन उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली होती. मात्र प्रकाशकानं आपली माहिती माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवण्याची नियम १८ ची तरतूद त्या स्थगितीत नव्हती. ही माहिती देणं म्हणजे सरकारी मान्यता नव्हे, म्हणून 'शासनमान्य' असा शिक्का साइटवर लावू नका. तक्रार कुणाकडे करायची, त्याचं नाव आणि ईमेल मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी द्या. चुकीची बातमी दुरुस्त करून घेण्याचा वाचकाचा हक्क तिथूनच सुरू होतो.

करांबाबत एवढं लक्षात ठेवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा जास्त झाली की जीएसटी नोंदणी लागते. छापील जाहिरातीवर ५ टक्के आणि वेबसाइटवरच्या जाहिरातीवर १८ टक्के दर आहे. साप्ताहिक आणि पोर्टल दोन्ही चालवणाऱ्यांनी 'अंक + वेबसाइट' असं एकत्र बिल केलं, तर कोणता दर लावायचा यावर वाद होतो. दोन ओळी, दोन रकमा लिहा. ॲडसेन्सचे पैसे परदेशी कंपनीकडून येतात, त्यांची नोंद वेगळी कशी ठेवायची हे सीएला पहिल्याच वर्षी विचारून घ्या.

डोमेन, कोड आणि पासवर्ड कुणाच्या नावावर

हा भाग शेवटी आला असला तरी यातली चूक सर्वांत महाग पडते. साइट बनवणारा सोय म्हणून डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो, होस्टिंग स्वतःच्या खात्यात ठेवतो, ॲनालिटिक्सही त्याच्याच नावावर असतं. संबंध बिघडले, तो गाव सोडून गेला किंवा नूतनीकरण विसरला, की वर्षांची बातमीदारी दुसऱ्याच्या हाती जाते. कायदाही इथे प्रकाशकाच्या बाजूनं आपोआप उभा राहत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार पगारी नोकरानं केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाचा असतो. पण स्वतंत्र कंत्राटदारानं लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क त्या कंत्राटदाराचाच राहतो, मग तुम्ही पूर्ण पैसे दिलेले असोत. हक्क तुमच्याकडे यायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. "आमचा माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला," असं बरेच जण म्हणतात. कागद केला तर ओळख मोडत नाही. कागद नसतो तिथेच ती मोडते. करारात एवढं असू द्या :

- डोमेन, होस्टिंग, ॲडसेन्स, ॲनालिटिक्स, सर्च कन्सोल आणि यूट्यूब ही खाती प्रकाशकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर असतील. डेव्हलपरला त्यांत फक्त काम करण्याची परवानगी असेल.
- या साइटसाठी लिहिलेल्या कोडचे आणि डिझाइनचे हक्क पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी प्रकाशकाकडे हस्तांतरित होतील. तयार थीम वापरली असेल तर तिच्या परवान्याची पावती मिळेल.
- दर आठवड्याला बॅकअप होईल आणि त्याची प्रत प्रकाशकाकडे राहील.
- देखभालीचा मासिक खर्च किती, त्यात काय येतं, आणि साइट बंद पडली तर किती तासांत सुरू होईल.
- काम सोडताना सर्व पासवर्ड सात दिवसांत मिळतील. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यायचा.

पासवर्ड अडवलेला असेल तर आधी लेखी मागणी करा, मग वकिलाची नोटीस द्या. तुमच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं '.इन' डोमेन दुसऱ्यानं वाईट हेतूनं अडवलं असेल, तर त्या डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेच्या विवाद-निवारण धोरणाखाली लवादाकडे जाता येतं. बिलं, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे संवाद जपून ठेवा. तोंडी व्यवहारात पुरावा म्हणून तेच उपयोगी पडतात. आणि हे वाचून झाल्यावर एक काम लगेच करा : डोमेन कोणत्या ईमेलवर आहे आणि त्याची मुदत कधी संपते ते पाहा. ते दुसऱ्याच्या नावावर असेल, तर पुढची जाहिरात विकण्याआधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या.